डावं बटण

कृष्णनाथने कात्री उचलली आणि हरीच्या पसरलेल्या बोटांच्या मधोमध टेबलात रोवली.

प्लायवूडच्या टेबलात तिचं टोक चांगलं बोटभर शिरलं. हरीने हात मागे घेतला नाही. घ्यायचं सुचलंच नाही त्याला. त्याच्या डाव्या भुवईवर पाच टाके होते. गेल्या शनिवारी डिचोलीच्या बसस्टँडवर कृष्णनाथनेच ती भुवई सिमेंटच्या बाकावर फोडली होती, आणि टाके अजून ओले होते.

"कात्री मंजुळामावशींना द्यायची आहे," योगिता म्हणाली. तिचा आवाज जरा चिरकला, पण वाक्य तिने पुरं केलं. "कापायची जागा त्यांची."

मंजुळा पॅकिंगमधली, बावीस वर्षांची नोकरी झालेली बाई. तिने दोन हिसके देऊन कात्री उपटली.

"टेबल कंपनीचा आसा म्हणान रोवतस," ती कृष्णनाथला म्हणाली. "घरच्या टेबलात रोवून दाखय."

कोणी हसलं नाही. कारखान्याच्या कँटीनमध्ये तीन जणांची ही तुकडी बसवली होती आणि भिंतीला टेकून आणखी वीस-पंचवीस जण तमाशा बघायला उभे होते. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना रंगाच्या डब्यांची पत्र्याची झाकणं करायचा. गोव्याला राज्य होऊन दहा वर्षं होत आली होती आणि मॅनेजरसाहेबांना दर वर्षी कुठल्या ना कुठल्या सेमिनारातून नवीन खूळ घेऊन यायची सवय लागली होती. या वर्षीचं खूळ होतं कामाची शिस्त खेळातून शिकवायचं. त्यासाठी त्यांनी योगिताला बोलावलं. ती जवळच्याच साखळी गावची. पुण्यात चार वर्षं नोकरी करून परत आलेली, आणि आता कारखान्या-कारखान्यांतून हे खेळ घेत फिरायची. आपल्या खेळाचं सामान मशीनसारखंच हवं म्हणून ती आठवड्यापूर्वी येऊन तीन नंबरचं मशीन बघून गेली होती. ते बंद का आहे, हे मात्र तिला कोणी सांगितलं नाही. मॅनेजरसाहेबांनी तर नाहीच.

तीन नंबरचं मशीन मार्चपासून बंद होतं.

त्या मशीनला दोन बटणं होती, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा डाय खाली येऊन पत्रा कापायचा. माणसाचे दोन्ही हात बटणांवर असले की ते डायखाली असू शकत नाहीत, एवढी साधी आणि शहाणी युक्ती ती. पण पत्रा ठेवा, दोन्ही हात मागे घ्या, दोन्ही बटणं दाबा, यात वेळ जातो. म्हणून सगळेच डाव्या बटणात पाचर घालायचे. पुठ्ठ्याचा घडी केलेला तुकडा कडेला ठोसला की बटण दाबलेलं राहायचं. मग डाव्या हाताने पत्रा सरकवायचा, उजव्याने बटण मारायचं. सुपरवायझर अनिलला हे ठाऊक होतं आणि झाकणं वेळेवर निघत होती, म्हणून त्याला ते ठाऊक नव्हतं. एक नियम मात्र सगळे पाळायचे. ज्याने पाचर घातली त्याने पाळी संपताना ती काढून आपल्या खिशात घालायची, कारण पुढचा माणूस बटणांवर विश्वास ठेवून बसतो.

मार्चमध्ये एके दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी रुद्रेश त्या मशीनवर बसला. पहिला पत्रा त्याने डाव्या हाताने ठेवला, आणि तो सारखा करता करता त्याचं उजवं कोपर उजव्या बटणावर टेकलं. डाय खाली आला. अंगठा सोडून डाव्या हाताची चारही बोटं पत्र्याबरोबर कापली जाऊन खालच्या ट्रेमध्ये झाकणांत पडली. मंजुळाने ती वेचली. रुद्रेशचा थोरला भाऊ कृष्णनाथ तेव्हा नळावर हात धूत होता. सकाळच्या पाळीला त्याच मशीनवर तोच होता. साबणाच्या हातांनीच तो धावत आला, आणि आपला सदरा काढून त्याने भावाचा हात बांधला. सदऱ्यातून रक्त त्याच्या पोटावरून विजारीत उतरलं. मग कोणीतरी पाइप लावून मशीन धुतलं, आणि पाचर त्या पाण्याबरोबर गटारात गेली.

चौकशीत रुद्रेशने एकच वाक्य सांगितलं. "पाचर मीच घातली." अनिलने ते लिहून घेतलं आणि फाइल मिटली. सगळ्यांनाच बरं वाटलं.

कृष्णनाथला नाही. "तो कोणाक तरी राखता," तो म्हणायचा. आपण आपली पाचर काढली होती, हे त्याला आपल्या नावाइतकं ठाऊक होतं. आपल्यानंतर आणि रुद्रेशच्या आधी मशीनला हात लागला तो एकट्या हरीचा. हरी डाय बसवणारा फिटर. त्या दुपारी नवीन डाय बसवून त्याने दोन झाकणं चाचणीसाठी काढली होती. गडहिंग्लजकडचा माणूस, इथे ना घर ना नातलग. दम देऊन रुद्रेशचं तोंड त्यानेच बंद केलं असणार. कृष्णनाथ आपल्या गावी, हळर्णला, सातेरीच्या देवळात गेला, नारळ ठेवला आणि साऱ्या गावासमोर गाऱ्हाणं घातलं. जेनी ती पाचर घातल्यान, तेचो हात मी त्याच मशीनात घालतलंय. हरी तीन महिने गावी जाऊन राहिला. पोटासाठी परत आला आणि बसस्टँडवर सापडला.

त्यावर मॅनेजरसाहेबांनी आज सकाळी दोघांना केबिनमध्ये उभं केलं. दोघांनी एका टेबलावर बसून हा खेळ खेळायचा, नाहीतर दोघांनी राजीनामे द्यायचे. कृष्णनाथ लगेच हो म्हणाला. बाहेर येऊन त्याने मंजुळाला कारण सांगितलं होतं.

"फाल्या तीन नंबर चालू जाता, मावशी. डाय बसवूक हरीच येतलो."

उद्या हरी त्या मशीनात हात घालणार, हे ऐकल्यापासून मंजुळाला जेवण गेलं नव्हतं.

"काम सोपं आहे," योगिता सांगत होती. "मावशी कागद कापतील. हरीभाऊ घडी घालून खोका करतील. कृष्णनाथभाऊ या फळीवर खोका ठेवून दोन्ही बटणं दाबतील. घंटी वाजली की खोक्यावर शिक्का मारायचा आणि पेटीत टाकायचा. पाच मिनिटं. जमतील तेवढे खोके करायचे."

फळी कारखान्याच्या वायरमनने केली होती. दाराच्या घंटीची दोन बटणं, मधे एक बझर. कृष्णनाथने त्या दोन बटणांकडे पाहिलं आणि मग योगिताकडे. तिला काहीच माहीत नाही, हे त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसलं असावं. तो खाली बसला.

वेळ सांगायचं काम रुद्रेशचं होतं. बोटं गेल्यापासून तो स्टोअरमध्ये मालाच्या चिठ्ठ्या लिहायचा. भिंतीपाशी खुर्ची घेऊन तो बसला, उजव्या हातात घड्याळ, डावा हात नेहमीसारखा विजारीच्या खिशात. सुपरवायझरचं काम अनिलला दिलं. त्याला फक्त स्वतःसारखं वागायचं होतं, आणि ते त्याने फार मन लावून केलं.

"चला, चला! हात चालव रे! हरी, झोपलास काय?"

मंजुळाची कात्री सरसर चालली. हरीची बोटं फिटरची, घडी त्याला सहज जमली. पहिल्याच मिनिटात कृष्णनाथसमोर पाच खोके साचले, दुसऱ्यात पंधरा. तो खोका ठेवायचा, दोन्ही हात बाजूला न्यायचा, बटणं दाबायचा, शिक्का उचलायचा. तोवर आणखी दोन येऊन आदळायचे.

"मेलो काय रे कृष्णनाथ? ढीग बघ!" अनिल त्याच्या कानाशी ओरडला. "पोरीबाळी करतत हे काम!"

"हळू दी रे," कृष्णनाथ हरीला म्हणाला. वर न बघता म्हणाला.

"मला थांबवाय कुणी सांगितलं न्हाई," हरी म्हणाला, आणि खरं तेच होतं.

भिंतीपाशी उभे असलेले आता टाळ्या वाजवू लागले. इकडचे कृष्णनाथच्या नावाने, घाटावरचे हरीच्या. खोके ढिगावरून घसरून कृष्णनाथच्या मांडीवर पडायला लागले. त्याच्या कपाळाची शीर उभी राहिली. तिसऱ्या मिनिटाला केव्हातरी घंटीचा ठेका बदलला. आधी थांबून थांबून वाजणारी घंटी एकसारखी वाजू लागली, आणि पेटीत खोके धडाधड पडू लागले.

"शाब्बास!" अनिल ओरडला. "आता कसो!"

रुद्रेश घड्याळाकडे बघायचा थांबला. तो भावाच्या हातांकडे बघत राहिला.

तेवढ्यात हरीने भिरकावलेला एक खोका कृष्णनाथच्या डोळ्याला लागला. कागदाचाच तो. पण कृष्णनाथ उठला, टेबलावरून वाकून त्याने हरीचे केस धरले आणि त्याचं तोंड टेबलावर आपटलं. एकदा, आणि मग पुन्हा. दुसऱ्या वेळी नाकाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. हरीने आंधळेपणाने लाथ झाडली, ती कृष्णनाथच्या पोटात बसली. स्टूल मोडलं. कृष्णनाथ स्टुलाचा मोडका पाय घेऊन उठला आणि तो त्याने हरीच्या खांद्यावर हाणला. डोक्यावर हाणायचा होता, पण मंजुळाने मधेच त्याचं मनगट धरलं. भिंतीपाशीही दोन-चार जोड्या जुंपल्या. सगळ्यांना सोडवेपर्यंत पांढरे खोके लाल झाले होते.

"बस झालं," अनिल धापा टाकत म्हणाला. "मॅडम, बंद करा. दोघांनाही गेटच्या बाहेर काढतो."

"नाही," योगिता म्हणाली.

तिने टेबलाची कड घट्ट धरली होती. 

"भांडण कोणी काढलं ते मला नको. ढीग कुठे लागला ते बघा. कृष्णनाथभाऊंच्या पुढ्यात. का लागला?"

"तो मुद्दाम फेकी होतो," कृष्णनाथ म्हणाला.

"अनिलसाहेब हरीभाऊंना घाई करत होते. अनिलसाहेबांना मी पाच मिनिटं दिली होती. आणि तुम्ही तर मागितलंच नव्हतं, तरी माल आला. हा ढीग तुमचा नाही, भाऊ. चूक तुमची नाही."

कृष्णनाथने तिच्याकडे पाहिलं. मार्चपासून कोणी त्याला असं काही म्हटलं नव्हतं. त्याच्या हातातून स्टुलाचा पाय गळून पडला. तो वाकून तो उचलायला गेला आणि मग त्याने तो राहू दिला.

हरीला लोकांनी नळावर नेऊन आणलं. नाकात कापूस कोंबून तो परत आला. त्याने घरी जायला हवं होतं, पण राजीनामा त्याला परवडणारा नव्हता.

योगिताने नवीन नियम सांगितले. प्रत्येकाला एक हिरवं कार्ड. पुढच्याने कार्ड दिलं तरच मागच्याने एक खोका द्यायचा, कार्ड नसेल तर हातावर हात ठेवून बसायचं. आणि प्रत्येक जागेवर एक लाल कार्ड.

"काही चुकीचं दिसलं की लाल कार्ड वर करायचं. मग सगळ्यांनी हात थांबवायचे, सुपरवायझरनेसुद्धा. कोणी केलं हे विचारायचं नाही. आधी थांबायचं. आता पाळी बदलली असं समजा. सगळे एक-एक जागा पुढे सरका."

मंजुळा घडीवर गेली. कृष्णनाथ फिरून कापायच्या जागेवर आला आणि कात्री आपसूक त्याच्या हातात आली. हरी फळीसमोर बसला.

"सुरू," योगिता म्हणाली.

रुद्रेशने घड्याळ दाबलं. कृष्णनाथने एक कागद कापला, मंजुळाने खोका करून पुढे ठेवला. हरीने खोका फळीवर ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. मार्चपासून कुठल्याही मशीनवर बसला की तो आधी डाव्या बटणाकडे बघायचा. तसाच त्याने आताही बघितलं.

त्याने लाल कार्ड वर केलं.

"काय झालं, हरीभाऊ?"

"मॅडम," हरी म्हणाला. कापसामुळे त्याचा आवाज घुसमटत होता. "डाव्या बटणात पाचर हाय."

 योगिताला कळेना की एवढ्याशा गोष्टीने माणसं अशी का गोठली. मग खुर्ची पडल्याचा आवाज झाला. कृष्णनाथ कात्री घेऊन टेबलाला वळसा घालून आला होता. त्याने हरीचं मनगट धरून फळीवर दाबलं आणि कात्रीचं टोक त्याच्या हाताच्या पाठीवर टेकवलं.

"परत? माझ्या डोळ्यांदेखत परत?"

"म्या आत्ता बसलोय. हात बी लावला न्हाई."

"फाल्याची वाटच कित्याक बघू मी?"

टोक कातडीत शिरलं. हरी ओरडला नाही. त्याने फक्त मान वळवून डोळे मिटले.

"तूच बघ की, कृष्णनाथ," तो म्हणाला. "एकदा बघ, मग काय करायचं ते कर."

कृष्णनाथने कात्री धरलेल्या हाताच्याच दोन बोटांनी पाचर उपटली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"बघा! सगळ्यांनी बघा!"

सगळ्यांनी बघितलं. काड्यापेटीची फाडलेली बाजू होती ती. चार घड्या घातलेली, आणि सहज आत शिरावी म्हणून एक कोपरा दातांनी चावून चपटा केलेला. तो कोपरा अजून दमट होता. माणसांनी पाचरीकडे बघितलं, मग कृष्णनाथकडे, आणि मग एकेकाने नजर खाली घातली. मंजुळाने पदर तोंडावर धरला.

वर धरलेला हात हळूहळू खाली आला. कृष्णनाथने पाचर डोळ्यांजवळ नेली. हरीचं मनगट त्याच्या हातातून कधी सुटलं ते त्याला कळलं नाही. कात्री फळीवर पडली. त्याने सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि काड्यापेटी बाहेर काढली. तिची एक बाजू नव्हती. आतल्या काड्या उघड्या दिसत होत्या.

"मी काढतंय," तो म्हणाला. "उठतना मी सदांच काढतंय. खिशात घालतंय."

तो कोणाला सांगत होता कोण जाणे. आत्ता उठताना आपण काय केलं हे त्याला आठवत नव्हतं. घातली कधी हेही आठवत नव्हतं. ढीग वाढत होता, कोणीतरी कानाशी ओरडत होतं, एवढंच आठवत होतं.

भिंतीपाशी रुद्रेश उठून उभा राहिला.

"मॅडम," तो म्हणाला, "ती पाचर मीच घातली."

"तुम्ही?" योगिता गोंधळून म्हणाली. "तुम्ही तर तिकडे बसला होता."

 मार्चमध्ये केबिनमध्ये उभं राहून रुद्रेशने हेच वाक्य याच आवाजात सांगितलं होतं, तेव्हा अनिलने ते लिहून घेतलं होतं. आज अनिल आपल्या बुटांकडे बघत उभा होता.

कृष्णनाथ भावाकडे बघत राहिला. सहा महिने एका ताटात जेवलेला, एका चटईवर निजलेला भाऊ. गाऱ्हाणं घालताना देवळात मागे उभा राहिलेला. बसस्टँडवर हरीला मारताना, सोड दादा, तेका सोड, म्हणून पाठीला लोंबकळलेला. कृष्णनाथच्या तोंडून एक आवाज निघाला. मंजुळाने असा आवाज आयुष्यात एकदाच ऐकला होता, त्या दुपारी, आणि तो रुद्रेशचा होता.

मग तो हरीसमोर बसला. त्याने डावा हात टेबलावर पालथा ठेवला, बोटं पसरली आणि कात्रीची मूठ हरीकडे केली.

"घे," तो म्हणाला. "सातेरीक सांगलेला आसा मी."

योगिता पुढे आली आणि थांबली. हरीने बाहीने नाक पुसलं. त्याच्या हाताच्या पाठीवरून रक्ताची एक रेघ मनगटापर्यंत आली होती. त्याने कात्री उचलली. बराच वेळ तो त्या पसरलेल्या बोटांकडे बघत होता, आणि त्याच्या मनात काय होतं हे त्याच्या हाताला तरी ठाऊक असेल की नाही कोण जाणे. शेवटी त्याने कात्री मिटली आणि मंजुळाकडे सरकवली.

कृष्णनाथने हात तसाच ठेवला.

रुद्रेश टेबलापाशी आला. उजव्या हातातलं घड्याळ अजून चालूच होतं. त्याने डावा हात खिशातून काढला. कारखान्यात पहिल्यांदाच काढला. एकटा अंगठा उरलेला तो पंजा त्याने भावाच्या पसरलेल्या बोटांवर ठेवला.

"हात काढ, दादा," तो म्हणाला.